शेकोटीचा फोटो नको, रात्रीच्या मोटरीचा छापा

दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले की मला एक फोन येतो. डेस्कवरून. "तुमच्याकडे थंडी वाढली म्हणतात, शेकोटीचा एक फोटो आणि दीडशे शब्द पाठवा." वीस वर्षं झाली, हा फोन चुकला नाही. फोन करणारी पोरं बदलली, पेपर बदलले, मीही एक-दोनदा बदललो. मागणी तीच. शेकोटी, मफलर गुंडाळलेला म्हातारा, वाफाळलेला चहा. जागा जास्त असली तर स्वेटरवाले. मथळासुद्धा ठरलेला : 'अमरावती गारठली', 'अकोलेकरांना हुडहुडी'.

मी असे फोटो ढीगभर पाठवलेत. आधी हे कबूल करतो, म्हणजे पुढचं लिहायला तोंड राहील. एकदा तर शेकोटी नव्हती म्हणून चौकातल्या पानटपरीवाल्याला दोन खोकी जाळायला लावली होती. फोटो पहिल्या पानावर आला, तो खूश, मीही खूश.

यंदा पाठवला नाही. का नाही पाठवला ते सांगतो. जरा लांबेल, सवडीने वाचा.

डिसेंबर आला की टीव्हीवर देशाचा नकाशा येतो. काश्मीरला बर्फ, दिल्लीला धुकं आणि उशिरा धावणाऱ्या गाड्या, मग महाराष्ट्रात निफाडचा पारा, महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवरचं हिमकण झालेलं दव, पुण्यात टेकडीवर फिरायला गेलेले लोक. आपण कुठे? आपण मे महिन्यात. अकोल्याचं नाव देशाला फक्त मेमध्ये आठवते. पारा ४५ च्या वर गेला की आमच्या बसस्टँडवर कॅमेरे. डिसेंबरात अकोला, अमरावती, वाशीम नावाची गावं नकाशावरून पुसली जातात. फारच झालं तर शेवटच्या पट्टीत 'विदर्भातही गारवा' एवढे दोन शब्द.

हा 'विदर्भ' काय प्रकार आहे तेही पाहा. हवामान खात्याने देशाचे ३६ उपविभाग केले आहेत. महाराष्ट्राच्या वाट्याला चार : कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. म्हणजे बुलडाण्यापासून गडचिरोलीपर्यंत अकरा जिल्ह्यांचा एकच डबा. बुलडाणा घाटावर, गडचिरोली जंगलात, चिखलदरा अकराशे मीटरवर आणि आमचा पायनघाट खाली पूर्णेच्या खोऱ्यात, काळ्या मातीत. एकीकडे गाविलगडचे डोंगर, दुसरीकडे अजिंठ्याची रांग, मध्ये ही परातीसारखी जमीन. आभाळ निरभ्र असलं आणि वारा उत्तरेकडून आला की रात्री डोंगरावरची गार हवा खाली उतरून या परातीत साचते. पहाटे चारला नाल्याकाठच्या वावरात उभं राहा, मग टेकाडावरच्या वावरात जा. दोन वेगळे महिने वाटतील. पण 'विदर्भात हवामान कोरडे राहील' या एका ओळीत सगळं बसवलं जाते.

बरं, थंडीची लाट कधी म्हणायची याचा नियम आहे. सपाट भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली यायला हवं आणि शिवाय ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी हवं. म्हणजे सरासरी १३ असेल तर साडेआठपर्यंत उतरल्याशिवाय लाट नाही. आकडा १० आला तर बातमी 'गारवा'. हे तापमान मोजतात ते वेधशाळेच्या आवारात, जमिनीपासून चार फूट उंच पांढऱ्या पेटीत. निरभ्र रात्री जमिनीलगतचा पारा त्याच्याही खाली असतो. आणि माणूस जर ओल्या मातीत, ओल्या कपड्यात उभा असेल, तर त्याच्या अंगाला किती अंश लागते याची पेटी अजून कोणी बनवली नाही.

नियम चूक आहे असं मी म्हणत नाही. देशभरासाठी काहीतरी मोजमाप पाहिजेच. मी एवढंच विचारतो की लाट जाहीर झाली नाही म्हणजे थंडी झाली नाही, असं सरकारनं कधीपासून धरलं?

आता वावरात चला.

मागच्या आठवड्यात मी चांदूरबाजार तालुक्यातल्या एका गावात रात्री गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे येईल. हरभऱ्याचं ओलीत सुरू होतं. त्या फीडरला त्या आठवड्यात थ्री फेज रात्री बारा ते सकाळी आठ. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो : शेतीपंपाला वीज आठ तास मिळते आणि तीसुद्धा पाळीपाळीने, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. पाळी तुम्ही निवडत नाही.

माझ्यासारख्या शहाण्याला वाटतं की आता मोबाईलवरून मोटर चालू होते, ऑटो स्टार्टर आहे, मग जायचं कशाला? मीही हेच विचारलं. माझ्या सोबतचा पोरगा हसला.

"भाऊ, मोटर चालू होते मोबाईलनं. पाईप कोन बदलनार, मोबाईल?"

स्प्रिंकलरचे पाईप. वीस-वीस फुटांचे. एका जागी तीनेक तास झाले की मोटर बंद करायची, पाईप सोडायचे, आतलं पाणी सांडायचं, खांद्यावर घेऊन पुढच्या पट्ट्यात न्यायचे, जोडायचे, मोटर चालू करायची. मग एखादं नोझल अडकते. ते चालू पाण्यात काढावं लागते. दोन वाजता पहिली पाळी बदलली तेव्हा तो पोरगा कमरेपासून खाली पूर्ण भिजला होता. स्वेटर होता अंगात, पण ओला स्वेटर थंडीत अंगावर असण्यापेक्षा नसलेला बरा. पायात चप्पल, कारण गमबूट चिखलात रुततो. मी बांधावर टोपी, जर्किन, हातमोजे घालून उभा आणि तरी माझे दात वाजत होते. बॅटरी धरण्यापलीकडे माझा काही उपयोग नव्हता. मधे एकदा धुऱ्यावर काहीतरी खसपसलं. त्यानं बॅटरी मागितली, बघितलं, म्हणाला, "डुक्कर हाये, जाऊ द्या." एवढ्या सहजपणे, की जणू शेजारी आला होता.

मी विचारलं, दिवसा झोपतोस की नाही मग?

"दिवसा कोन झोपू देते? कापूस येचाले बाया आनल्या हायेत सहा. त्यायच्या मांगं नाई राह्यलं त कसं होईन? दुपारी तासभर पडतो."

गव्हाचं तर आणखी वेगळं. पेरणीपासून अठरा ते एकवीस दिवसांत, मुकुटमुळं फुटतात तेव्हा, पहिलं पाणी द्यावंच लागते. ते चुकलं तर फुटवे कमी, पुढे काही केलं तरी उत्पन्न भरून येत नाही. कृषी विद्यापीठाच्या प्रत्येक पत्रकात हे असते. पण त्या तीन-चार दिवसांत फीडरची पाळी रात्रीची असेल तर गव्हाला कोण समजावणार? तो शेतकरी रात्री दांडात उभा राहतो. दांड फुटला की हाताने माती लावतो. त्याला पर्याय नसतो आणि ही गोष्ट वेळापत्रक करणाऱ्याला चांगली माहीत आहे, म्हणूनच तर वेळापत्रक चालते.

त्या पोराचा मोठा भाऊ माझा वर्गमित्र. होता.

चार वर्षांपूर्वी जानेवारीत रात्री पाणी द्यायला गेला, सकाळी नऊपर्यंत आला नाही. घरचे गेले तर विहिरीजवळ पडलेला. दवाखान्यात नेलं, कागदावर हृदयविकाराचा झटका लिहिला गेला. डॉक्टरला मी दोष देत नाही, बहुतेक तेच झालं असणार. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो, हे कोणताही डॉक्टर सांगेल. पण चव्वेचाळीस वर्षांचा, बीपीची गोळी घेणारा माणूस रात्री तीन वाजता गार पाण्यात कशाला उभा होता, हा रकाना त्या कागदावर नव्हता.

शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. साप चावला, शॉक लागला, वीज पडली, विहिरीत बुडाला, जनावरानं मारलं तर वारसाला दोन लाख. नैसर्गिक मृत्यू बसत नाही. झटका म्हणजे नैसर्गिक. मी त्याच्या बायकोसोबत एका कार्यालयात गेलो होतो. तिथला माणूस वाईट नव्हता, त्यानं पाणी दिलं, खुर्ची दिली आणि सांगितलं, "वहिनी, साप चावला असता तर झालं असतं." तो हे सहानुभूतीनं बोलला. मी बाहेर येऊन गाडीला किक मारत राहिलो, गाडी बटणस्टार्ट आहे हे विसरून.

म्हणून गावाचं नाव नाही. त्यांनी नको म्हटलं.

आता गंमत ऐका. आपत्ती निवारणासाठी केंद्रानं ज्या आपत्ती अधिसूचित केल्या आहेत त्या यादीत भूकंप आहे, पूर आहे, गारपीट आहे, ढगफुटी आहे आणि 'दहिवर व शीतलहर' पण आहे. उष्णतेची लाट त्या यादीत नाही म्हणून आपण उन्हाळ्यात बोंबलतो, पण थंडी मात्र आहे. अशा आपत्तीतल्या मृत्यूला वारसाला चार लाखांची मदत आहे. म्हणजे कायद्याच्या कागदावर थंडीनं माणूस मरू शकतो. अपघाती मृत्यूंच्या राष्ट्रीय आकडेवारीतही थंडीने झालेल्या मृत्यूंचा वेगळा रकाना असतो. पण लाट जाहीर व्हायला पारा साडेआठवर यावा लागतो, मृत्यू थंडीचा ठरायला डॉक्टरनं तसं लिहावं लागते, तसं लिहायला कोणीतरी विचारावं लागते की हा माणूस रात्री कुठे होता. तीन दरवाजे, तिन्ही बंद. उत्तर प्रदेश-बिहारात थंडीचे बळी मोजले जातात, आमच्याकडे मोजतच नाहीत. मग 'वऱ्हाडात कुठे थंडी असते' हे म्हणायला सगळे मोकळे.

रात्रीच वीज का, याचं उत्तर वर्षानुवर्षं एकच दिलं गेलं. दिवसा कारखाने आणि शहरांची मागणी जास्त, रात्री ती घटते, औष्णिक केंद्रं रात्री बंद ठेवता येत नाहीत, म्हणून उरलेली वीज पंपांना. हिशेब म्हणून हे खरं होतं. त्या हिशेबासाठी गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे केले गेले, म्हणजे गावात दिवा लागावा आणि शेतात मोटर बंद ठेवता यावी.

ही औष्णिक केंद्रं कुठे आहेत? कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर. आमच्या अकोला जिल्ह्यात पारस, अडीचशे मेगावॉटचे दोन संच. अमरावतीला लागून नांदगावपेठ, १३५० मेगावॉट, आणि त्याला पाणी अप्पर वर्धा धरणाचं, ज्याच्या सिंचनासाठी लोकांनी जमिनी दिल्या होत्या. कोळसा विदर्भाचा, पाणी विदर्भाचं, राख विदर्भाच्या वावरावर. दिवसाची वीज तेवढी दुसरीकडे. आणि रात्र आमची.

पण आता तो हिशेबही उलटला आहे, हे फार लोकांच्या लक्षात आलेलं नाही. सौर ऊर्जा वाढल्यापासून दिवसा वीज स्वस्त झाली. इतकी, की १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळात वापरलेल्या विजेवर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत मिळते. म्हणजे कंपनी शहरातल्या माणसाला सांगते, बाबा, दिवसा वापर, तुझी वॉशिंग मशीन दिवसा लाव, आम्ही पैसे कमी घेतो. आणि शेतकऱ्याला सांगते, तू रात्री बारानंतर ये. वॉशिंग मशीनला ऊन पाहिजे आणि माणसाला नको?

यावर उत्तर तयार असते : मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. पहिली २०१७ ला आली, दुसरी आवृत्ती २०२३ ला. सगळ्या शेतकऱ्यांना दिवसा वीज, असं आश्वासन आहे, त्याला २०२६ अखेरची मुदतही दिलेली आहे. योजना चांगली आहे. जिथे सौर प्रकल्प उभा राहून फीडर त्यावर आला तिथले शेतकरी रात्री घरी झोपतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि छापलंही. सरकारचं चांगलं दिसलं की लिहायचं, हा माझा नियम आहे. पण २०१७ पासूनचे हिवाळे मोजा. जे फीडर अजून रात्रीच्या पाळीत आहेत त्यांनी मुदत संपेपर्यंत काय करायचं, हे कोणत्याच जाहिरातीत नाही. जाहिरातीत तर नेहमी ऊन असते आणि शेतकरी हसत असतो.

"मग सौर पंप घ्या ना." हे पण ऐकतो. घेतलेत लोकांनी, खूप जणांनी. पण वरूड-मोर्शीकडे या. तिथे संत्र्यासाठी जमिनीला इतकी भोकं पाडली गेली की पाणी आठशे-हजार फुटांवर गेलं. तिथे साडेसात एचपीचा सौर पंप सोडून बघा काय वर येते ते. आणि ढगाळ आठवडा आला, सकाळी दहापर्यंत धुवारी राहिली, तर पॅनलही आपल्यासारखंच पांघरूण घेऊन बसते. वीज माफ झाली म्हणून गप्प बसा, असंही एक उत्तर मिळते. साडेसात एचपीपर्यंतचं बिल एप्रिल २०२४ पासून माफ आहे, हे खरं. फुकट वीज रात्री दोनला मिळाली तर तिची किंमत कोण मोजते ते वर लिहिलं आहे.

लाईनमनवर राग काढू नका, हे मधेच सांगून ठेवतो. डीपी जळाली की तोही याच थंडीत रात्री खांबावर चढतो, आणि शिव्या मात्र त्यालाच पडतात.

थंडीचं दुसरं अंगही सांगितलं पाहिजे, नाहीतर कोणी म्हणेल हा माणूस थंडीच्या विरोधात पोस्ट लिहितो. उलट आहे. वऱ्हाडाला थंडी पाहिजे. खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूरच्या बऱ्याच गावांत जमिनीखालचं पाणी खारं. ओलीत करायची सोय नाही. तिथला हरभरा जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर येतो. तिथे थंडी हेच ओलीत. संत्र्याच्या आंबिया बहारासाठी झाडाला डिसेंबरात ताण द्यावा लागतो, पाणी तोडून झाड झोपवावं लागते, आणि ती झोप थंडीतच लागते. तुरीच्या शेंगा भरायलाही कोरडी, निरभ्र थंडी लागते.

आणि नेमकी तीच आता बेभरवशाची झाली. बंगालच्या उपसागरात वादळ उठलं की इकडे आभाळ भरते. २०२३ च्या नोव्हेंबर अखेरीस अवकाळी आणि गारपीट झाली, पाठोपाठ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिचाँग वादळ आंध्रच्या किनाऱ्याला लागलं आणि विदर्भात पुन्हा पाऊस. २०२४ ला नोव्हेंबर संपता संपता फेंगल पुद्दुचेरीजवळ आदळलं आणि महाराष्ट्रातली थंडी गायब. टीव्हीसाठी वादळ तमिळनाडूचं असते. आमच्याकडे त्याची बातमी पंधरा दिवसांनी येते, हरभऱ्यावर घाटेअळी आणि तुरीवर शेंगा पोखरणारी अळी होऊन. मग फवारणीचा खर्च. संत्र्याचा ताण तुटतो तो वेगळा. मग अचानक आभाळ फाटते, पारा घसरतो, सकाळी धुवारी पडते आणि फुलोऱ्यातली तूर करपते.

यासाठी विमा होता. २०२५ च्या खरिपापासून राज्यानं एक रुपयाचा विमा बंद केला, ते एक वेळ ठीक, त्यात बोगस अर्जांचा बाजार झालाच होता. पण त्यासोबत स्थानिक आपत्ती आणि हंगामातल्या प्रतिकूल परिस्थितीचं संरक्षणही काढून टाकलं. आता फक्त पीक कापणी प्रयोग. मंडळाची सरासरी बरी आली तर नाल्याकाठची करपलेली तूर तुमच्या नशिबावर. पुन्हा तोच डबा, फक्त छोटा.

निदान आगाऊ कळलं तर? गावपातळीवर सल्ला देण्यासाठी देशात कृषी विज्ञान केंद्रांमध्ये १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं होती. आठवड्यातून दोनदा सल्ला : उद्यापासून ढगाळ, फवारणी थांबवा, पारा उतरणार, संध्याकाळी हलकं पाणी द्या, बागेत धूर करा. शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते यायचं. २०२४ च्या मार्चअखेर ती सगळी बंद केली. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, तिथून सल्ला निघतो, पण आता एका विद्यापीठानं किती जिल्ह्यांच्या किती नाल्यांकाठचं सांगायचं? राज्यभर महसूल मंडळांत महावेधची दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रं उभी आहेत. यंत्र आकडा मोजते आणि पाठवते. शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत तो सांगणारा माणूसच काढून टाकला. मला तर वाटते, ज्या देशात काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकाच सकाळी उणे ते पंचवीस अंश असतात, तिथे जिल्ह्याचा हवामान-माणूस हा तलाठ्याइतका गरजेचा आहे.

आता नागपूरला या. सरकारचाही एक हिवाळा असतो, त्याला अधिवेशन म्हणतात. १९५३ च्या नागपूर करारात ठरलं की वर्षातून एक अधिवेशन नागपूरला होईल, म्हणजे विदर्भाचे प्रश्न विदर्भात येऊन ऐकले जातील. ते डिसेंबरात होते, ठीक ओलिताच्या दिवसांत. अख्खं सरकार मुंबईहून उठून आमच्या थंडीत येते. मग हुरडा पार्ट्या, सावजी, परतताना संत्र्याच्या पेट्या. गुलाबी थंडी हा शब्द मी त्याच दिवसांत सगळ्यात जास्त ऐकतो. नागपूरनं २९ डिसेंबर २०१८ ला साडेतीन अंश पाहिलेत, तेव्हा गुलाबी होती की कशी, ते तिथल्या फुटपाथवर विचारा.

माझी साधी सूचना आहे. एका दिवसाचं कामकाज आमच्या फीडरच्या वेळापत्रकानं घ्या. रात्री बारा ते सकाळी आठ. सभागृहात हीटर नको, पायाखाली बादलीभर पाणी. प्रश्नोत्तरं दोन वाजता, लक्षवेधी चार वाजता. ज्या मंत्र्याला 'शेतकऱ्यांना पुरेशी वीज दिली जात आहे' असं उत्तर द्यायचं असेल त्यानं ते पहाटे चारला, ओल्या पँटीत उभं राहून द्यावं. रेकॉर्डवर येऊ द्या.

हे थट्टेत घेऊ नका. वेळ बदलता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनानं आदेश काढून चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊनंतर भरवायला सांगितल्या, कारण लेकरांची झोप होत नाही. चांगला निर्णय. राज्यातल्या शाळांची घंटा एका कागदानं हलते, तर शेतीच्या फीडरचं स्विच तीन महिन्यांसाठी का हलत नाही? मागणी एवढीच : १५ नोव्हेंबर ते १५ फेब्रुवारी, रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात शेतीपंपाची पाळी लावायची नाही. रब्बीत पंपांची मागणी चढते हे मला माहीत आहे. पण याच दिवसांत घराघरातले कूलर आणि एसी बंद असतात आणि दुपारी सौर वीज हातात असते. दोन पाळ्या दिवसाउजेडी बसवा. नाही बसल्या तर आठाचे सहा तास करा. मी दहा-बारा शेतकऱ्यांना विचारलं, एकजण सोडून सगळे म्हणाले, दिवसाचे सहा चालतील. तो एक म्हणाला, "पाच बी चालतीन."

२० डिसेंबर गाडगेबाबांची पुण्यतिथी. १९५६ ला त्यांनी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर देह ठेवला, अशाच थंडीत, प्रवासात. अमरावतीत दरवर्षी त्या दिवशी सगळे पक्ष हार घेऊन येतात. उघड्याला वस्त्र आणि बेघराला आसरा हे त्यांच्या दशसूत्रीतलं काम आहे, हे भाषणात सगळ्यांना पाठ असते. त्याच सुमारास बहिरमची यात्रा सुरू होते. रोडगे आणि हंडीच्या मटणासाठी आपण सगळे जातो, मीही जाणार आहे. जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूला वावरात दिवे हलताना दिसतील. ते जत्रेचे नसतात.

तर माझं काम असं. ज्यांच्या फीडरला या महिन्यात रात्रीची पाळी आहे त्यांनी मला गाव, फीडरचं नाव आणि वेळ लिहून पाठवा. अमरावती, अकोला दोन्ही जिल्ह्यांतून. स्वतःचं नाव नको असेल तर नका देऊ. मी तालुकानिहाय यादी करतो आणि अधिवेशन संपायच्या आत दोन्ही जिल्ह्यांतल्या सगळ्या आमदारांच्या हातात देतो. कोणी घेतली आणि कोणी 'पीएकडे द्या' म्हणालं, ते इथेच लिहीन. कालपर्यंत चौतीस गावं आली आहेत.

आणि डेस्कवरच्या पोराला मी फोटो पाठवला बरं का. रात्री दोन वाजून दहा मिनिटांचा. बॅटरीच्या उजेडात खांद्यावर पाईप घेतलेला माणूस, चेहरा दिसत नाही, पाईपाच्या तोंडातून पाणी गळते आहे. त्याचं उत्तर आलं : "सर, अंधार फार आहे, शेकोटीचा नाही का?"